सूर्य फुगायच्या आधीच पऱ्हाटी जाईल

"सूर्य फुगून पृथ्वी गिळेल त्याला 500 कोटी वर्षं आहेत, तोवर निवांत," असं जगाच्या अंतावरच्या चर्चेत एका भाऊंनी लिहिलंय. तेवढी सवड नाही. सूर्य दर 100 कोटी वर्षांत साधारण 10 टक्के जास्त तळपतो. ऊन वाढलं की खडक लवकर झिजतात आणि झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड गाळात बांधून टाकतात. आमच्या शिवारातली काळी माती अशीच बेसाल्ट झिजून झालेली. (सध्या आपण तो वायू वाढवतोय, ते वेगळं.) हवेतला कार्बन डायऑक्साइड फार उतरला की झाडं उपाशी. त्यात कापूस (म्हणजे आमची पऱ्हाटी), तूर, सोयाबीन आधी जाईल. ज्वारीला थोडक्या वायूत भागवता येतं, ती तग धरेल. म्हणजे समुद्र आटायच्या आधीच पऱ्हाटी गेलेली!

लघुग्रहाचं म्हणाल तर लोणार पाहून या. 1.8 किलोमीटरचं विवर, पण जग बुडालं नाही. डायनासोरांना नडला तो मेक्सिकोत पडलेला सुमारे 10 किलोमीटरचा धोंडा, 6.6 कोटी वर्षांपूर्वी. लघुग्रहापुढे निदान हातपाय हलवता येतात. 2022 मध्ये नासाच्या डार्ट यानानं डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाला धडकून त्याची कक्षा बदलून दाखवली.

त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या संध्याकाळी आकाशातून जळत्या रेघा गेल्या, तेव्हा आमच्या पारावर "आता खपलो" म्हणणारे बरेच होते. मग कळलं, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे रॉकेटचं धातूचं कडं पडलंय. शेजारचे काका लगेच म्हणाले, "भंगारात किती येईन बावा त्याचे?"