बर्मा शेलची जुनी पाटी मिळतीये, खरी आहे का कसं ओळखायचं?

पेठेतली_मुक्ता: जुन्या बाजारात रविवारी एका काकांकडे बर्मा शेलची, म्हणजे त्या जुन्या पेट्रोल कंपनीची पाटी बघितली, पिवळा शिंपला, लाल अक्षरं, एक कोपरा गंजलेला. ते म्हणतात पंपावरून उतरवलेली ओरिजिनल आहे आणि भावही तसाच सांगतायत. आमचे अण्णा अजूनही "शेलच्या पंपावर टाकी फुल कर" म्हणतात, बोर्ड बदलून जमाना झाला तरी, त्यामुळे त्यांच्या खोलीत लावायची फार इच्छा आहे. पण डुप्लिकेट निघाली तर? आणि साफ कशानं करायची?

लॅम्ब्रेटा_६८: लोहचुंबक नेऊ नकोस, तो नकलेलाही चिकटतो, खाली पत्राच असतो ना. बोट फिरव. जुन्या पाट्या एनॅमलच्या, म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेची पूड भट्टीत साधारण ८०० डिग्रीला वितळवून बसवलेली, आणि बऱ्याचदा प्रत्येक रंगाचा थर वेगळा भाजलेला, त्यामुळे पिवळ्यावरून लाल अक्षरावर जाताना बोटाला बारीक पायरी लागते. छापील पत्रा सपाट लागतो. दुसरं म्हणजे टवका. एनॅमल काचेसारखं उडतं, खाली काळपट अस्तर दिसतं आणि गंज तिथंच धरतो, जास्त करून स्क्रूच्या भोकांभोवती कारण आवळताना तिथंच दाब येतो. सगळीकडे सारखा तपकिरी गंज दिसला तर तो मुद्दाम आणलेला समज आणि सरळ पुढं चल.

कोथरूडचा_संजू: खरी असेल तर पन्नासएक वर्षं तरी जुनी. बर्मा शेल १९७६ च्या जानेवारीत सरकारनं घेतली, पुढच्या वर्षी नाव भारत पेट्रोलियम झालं. एस्सो त्याआधीच १९७४ ला गेली, तिची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, मग कॅलटेक्सही त्यातच आली. आयबीपी मात्र २००७ पर्यंत टिकली, तिचे बोर्ड आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलेत, आणि कोणी जपून ठेवले नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. तुझी पाटी गंजलीये तर पेंटरकडून नवी करून घे ना, भिंतीवर झकास दिसेल.

लॅम्ब्रेटा_६८: नको रे संजू, रंग अजिबात नको! ऑइल पेंट मारला की ती पाटी गेलीच, पंपावरची ऊन-पावसाची सगळी वर्षं पुसली जातात आणि घेणाराही हात लावत नाही. मुक्ता, कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, मऊ फडकं, बास. अ‍ॅसिड आणि तारेची घासणी लांब ठेव, एनॅमलची चकाकी जाते. पाटी पूर्ण वाळली की टवक्यांवर थोडं मेण चोळ, गंज पुढं सरकत नाही.

पेठेतली_मुक्ता: खूप थँक्यू दादा! बुधवारी परत बाजार भरतो तेव्हा जाते, भोकं नीट बघते आणि फोटो टाकते.

लॅम्ब्रेटा_६८: मागची बाजूपण काढ फोटोत, नकला करणारे तिकडं फारसं लक्ष देत नाहीत. आणि तिथं एस्सोचा जाहिरातीतला वाघ दिसला तर काकांना माझ्यासाठी बाजूला ठेवायला सांग, मी तो कधीपासून शोधतोय.