मदत हवी आहे: हनुवटीवरच्या केसांची क्रीम लावते, फरकच नाही

खानापूरची_लेक: डॉक्टरांनी दिलेली क्रीम तीन आठवडे लावतेय. केस उलट जास्त दिसायला लागलेत. ट्यूब महाग आहे, दुसरी घेऊ की नको? पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. लवकर सांगा की कुणीतरी.

वडगावकर: कुठली क्रीम? वय किती? पाळी वेळेवर येते का? काहीच लिहिलं नाहीस, सांगायचं काय?

निपाणीची_वैनी: क्रीम सोड बाई. मसूर डाळीचं पीठ, हळद, दूध. माझ्या पुतणीचे गेले.

खानापूरची_लेक: पीठ लावून झालं वैनी, दोन वर्षं. ट्यूबवर एफ्लोर्निथिन 13.9 टक्के लिहिलंय. वय 24.

औषधवाला_चिक्कोडी: ही क्रीम केस काढत नाही, वाढ मंदावते. मुळाशी एक एन्झाइम असतं, ते अडवते. म्हणून थ्रेडिंग चालूच ठेवायचं. दिवसातून दोनदा, मध्ये किमान 8 तास, आणि लावल्यावर 4 तास तोंड धुवायचं नाही. फरक दिसायला 4 ते 8 आठवडे जातात, काहींना त्याहून जास्त. बंद केली की साधारण 8 आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखं.

खानापूरची_लेक: अहो, मी थ्रेडिंग बंदच केलं होतं! डॉक्टर भराभर कन्नडमध्ये बोलले, मी नुसती मान हलवली.

निपाणीची_वैनी: म्हणूनच म्हणते, कोल्हापूर गाठ. सगळं मराठीत.

अनगोळ_77: भाषेचा काय संबंध? परत विचारलं तर समजावतात की. आमच्या मुलीला लेसरनं फरक पडला, तेच कर.

वडगावकर: आधी कारण तरी कळू दे, मग लेसर. पाळीचं अजून सांगितलं नाहीस, ताई.

खानापूरची_लेक: दोन-अडीच महिन्यांनी येते.

वडगावकर: मग बाईंच्या डॉक्टरांना दाखवच. माझं पीसीओएस, म्हणजे हार्मोन आणि अंडाशयाचा त्रास, असंच कळलं, टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन या रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करून. हार्मोन बिघडले असतील तर ही क्रीम ते सुधारत नाही. मी चार वर्षं नुसती पार्लरात घालवली, तू नको घालवूस.

औषधवाला_चिक्कोडी: तोंडाला आणखी काही लावतेस?

खानापूरची_लेक: गोरं व्हायची एक ट्यूब, मावशीनं दिलेली. वर्ष झालं. त्यावर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन असं काहीतरी आहे.

औषधवाला_चिक्कोडी: मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. महिनोन्महिने तोंडाला लावलं की कातडी पातळ होते, लवही वाढते. काउंटरवर नुसतं नाव सांगून ही ट्यूब मागणाऱ्या मुली मी रोज परत पाठवतो. आपल्या मनानं एकदम सोडू नको, चेहरा लाल होऊन आग होऊ शकते. त्वचेच्या डॉक्टरांना दोन्ही ट्यूबा दाखव.

संकेश्वरची: ही क्रीम पायाला चालते का?

खानापूरची_लेक: सोमवारी बेळगावला जातेय. दोन्ही ट्यूबा पिशवीत घातल्यात, कन्नड येणारी मैत्रीण बरोबर आहे. थ्रेडिंग केल्यावर क्रीम लगेच लावायची का?

औषधवाला_चिक्कोडी: किमान 5 मिनिटं थांब. सोललं असेल तिथं लावू नको.