माझं रान, माझा ओढा, माझं धरण. आणि खाली राहणारे?

ओढ्याखालचा
काल इथं एकानं लिहिलं, "माझं रान, माझी माती, मी ओढ्याला बांध घातला तर कुणाच्या बापाचं काय जातंय, उलट खालच्यांच्या विहिरीला पाणी येतंय, त्यांनी आम्हाला नारळ द्यायला पाहिजे." शेकड्यानं अंगठे पडलेत त्याला. मला रात्री झोप लागंना म्हणून लिहितोय, लांबलंय, वाचायचं तर वाचा नाहीतर सोडा.

आमचं घर पन्हाळ्याच्या पश्चिमेला, ओढ्याकडंला. वर अर्ध्या किलोमीटरवर एका पाव्हण्यानं फार्महाऊससाठी जेसीबी लावून बांध घातला. पाण्याचा उपयोग काय? बदकं. आणि शनिवारी येणाऱ्यांना फोटो. तीस गुंठे पाणी पसरतं, सरासरी अडीच मीटर खोली धरा, ७५ लाख लिटर झालं. दहा हजार लिटरचे साडेसातशे टँकर आमच्या डोक्यावर, आणि मधी नुसती माती, ती पण रोलर न फिरवलेली.

२०२१ च्या जुलैत कोल्हापूर पंचगंगेकडं बघत होतं तेव्हा आम्ही वर बघत होतो. सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, होता, नव्हता असं नाही, पण मासे जाऊ नयेत म्हणून त्यावर बारीक जाळी मारलेली. जाळीत पाला, शिरपटं, गुटख्याच्या पुड्या, सगळं बसून भिंतच झाली आणि पाणी बांधाच्या माथ्यावरनं पडायला लागलं. पलीकडच्या अंगाला हातभर रुंदीची घळ पडलेली मी बॅटरीत बघितलीय, तांबडी माती नुसती साखरेगत विरघळत होती. वडील, मी आणि शेजारचे तिघं, कंबरेला दोरी बांधून विळ्यानं जाळी कापली. मालक पुण्यात, फोन बंद. सकाळी फोन लागला तर पहिला प्रश्न, "मासे गेले का?"

आता सांगा नारळ कुणी कुणाला द्यायचा.

बांधकरी
तुमच्यावर आलं ते वाईटच पण फार्महाऊसवाल्याचा राग आमच्यावर कशाला काढताय? ती पोस्ट माझीच आहे आणि मी मागं घेत नाही. आमच्या आज्ज्यानं बहात्तरच्या दुष्काळानंतर बैलजोडी आणि घमेल्यावर बांध घातला. त्यावर चार विहिरी जगल्यात, त्यातल्या तीन आमच्या नाहीत. उन्हाळ्यात खालचेच येऊन विचारतात, पाणी किती राहिलंय दादा. पन्नास वर्षं झाली, थेंब गळलेला नाही. सरकारी तलाव फुटतात, आमचा नाही फुटला. भुदरगडातला मेघोलीचा तलाव फुटला, तो कुणाचा होता? आमचा?

पेन्शनर शाखा अभियंता
थेंबही न गळणारा मातीचा बांध मी ३४ वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. गळतोच. तो कुठून गळतो आणि काय घेऊन बाहेर येतो एवढंच बघायचं असतं. नितळ पाणी येत असेल तर येऊ द्या. गढूळ आलं तर समजा आतून माती चाललीय, आणि ते भोक मागं मागं तलावाकडं सरकत जातं. मेघोली १ सप्टेंबर २०२१ ला रात्री गेला, एक बाई वाहून गेली. सरकारी होता हे खरं, पण मातीला मालक कळत नाही हो.

दुसरं, बांधावर झाडं आहेत का?

बांधकरी
आहेत की. सहा नारळ आणि एक आंबा. मुळं माती धरून ठेवतात एवढं शेंबड्या पोराला पण कळतं.

पेन्शनर शाखा अभियंता
गवताची धरतात. मोठं झाड मेलं की मूळ कुजतं आणि आयता पाईप तयार. तोही काळ्या मातीच्या गाभ्यातून आरपार.

बांधकरी
म्हणजे आता नारळ पण तोडायचे. वा. एसीत बसून सांगायला काय जातंय.

पूरग्रस्त शिरोळ
मूळ मुद्द्याला कुणी हातच लावत नाही. तीस गुंठ्याच्या डबक्यावर भांडताय आणि तिकडं कर्नाटकवाले अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६० वरनं ५२४ मीटरवर न्यायला निघालेत. आमचं घर दोनदा गेलंय, २०१९ ला आणि २०२१ ला. त्यावर लिहा की!

राजारामपुरी ७वी गल्ली
आला अलमट्टी. भावा, इथं चहाच्या टपरीवर चर्चा निघाली तरी तू अलमट्टी आणशील. वेगळा धागा काढ, अंगठा देतो.

पूरग्रस्त शिरोळ
तुझ्या गल्लीत पाणी आलं नाही म्हणून सुचतंय.

राजारामपुरी ७वी गल्ली
बरं बाबा. माझं म्हणणं एवढंच, धरणाचा २०२१ चा कायदा आहे ना? मग परवानगी, तपासणी सगळं त्यात येत असणार. उगाच घाबरवताय.

पेन्शनर शाखा अभियंता
तो कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मधली येतात पण काही अटी बसल्या तर, म्हणजे लांबी ५०० मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर वगैरे. ओढ्याखालच्यांच्या वरचं साडेसात हजार घनमीटर. त्या जाळीतनं ते आरामात निसटतं. माशांना जे जमलं नाही ते.

तांबडापांढरा
जाऊ द्या हो, धरणं खेकडे फोडतात. मंत्रीच बोललेत 😂

सूनबाई शाहूवाडी
ह्यात हसण्यासारखं काय आहे? तिवरे धरण २ जुलै २०१९ ला फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली. माझं माहेर चिपळूण तालुक्यातलं. लोक आधीपासून गळती सांगत होते, आणि जलसंधारण मंत्री म्हणाले खेकड्यांनी पोखरलं. त्यावर लोकांनी खेकडेच नेऊन आंदोलन केलं. तुम्हाला इमोजी सुचतोय.

तांबडापांढरा
माफ करा ताई, मी मंत्र्याला हसत होतो.

बांधकरी
पण मी म्हणतो खेकडा पोखरतोच की. आमच्या बांधावर पाण्याच्या वर हातभर बिळं आहेत, हात घातला तर कोपरापर्यंत जातो. साहेब सांगा आता, हे पण खोटं?

पेन्शनर शाखा अभियंता
खोटं नाही. बिळामुळं पाण्याची वाट तेवढी आखूड होते, भराव आधीच कमजोर असेल तर भर पडते. पण खेकड्यावर बिल फाडायचं असेल तर पिचिंग, म्हणजे बांधावरचा दगडांचा थर, का निघालं, गळतीच्या तक्रारीचं काय केलं, हे आधी सांगायला लागतं. खेकडा काय आपली बाजू मांडायला येत नाही.

राजारामपुरी ७वी गल्ली
बिळं ओढ्याच्या काळ्या खेकड्याची, नदीचा एवढं खोल जात नाही.

तांबडापांढरा
आणि चवीला पण ओढ्याचाच. नदीचा पांचट. नांग्या वाटून त्याच्या पाण्यात रस्सा, वरनं कांदालसणीची चटणी, विषय संपला.

राजारामपुरी ७वी गल्ली
पंचगंगेच्या खेकड्याला पांचट म्हणणारा कोल्हापूरचा असूच शकत नाही. सांगलीचा का रे?

तांबडापांढरा
आईबापावर जा, सांगलीवर नको.

सूनबाई शाहूवाडी
तुमचा रस्सा होऊ द्या. पण ते खेकडे बांधातनं काढतात कसे ते बघितलंय का कुणी? आमच्याकडं सासरी पहिला पाऊस झाला की पोरं पहार आणि बॅटरी घेऊन रात्री पाझर तलावाच्या बांधावर. खेकडा आत सरकला की पहारीनं दीड दोन फूट उकरतात. खेकडा पिशवीत, खड्डा तसाच. मी दिराला विचारलं बुजवत का नाही, तर म्हणे पाण्यानं आपोआप बुजतो. म्हणजे खेकड्यानं नाही हो फोडलं, खेकडे खाणाऱ्यांनी.

तांबडापांढरा
...मी पण लहानपणी असंच काढलेत. बुजवलेला एक पण आठवत नाही.

पेन्शनर शाखा अभियंता
ताई, हे आमच्या कुठल्याच अहवालात लिहिलेलं मी वाचलं नाही. मान्य. मी स्वतः असे खड्डे पाहून उंदीर घूस लिहून मोकळा झालोय.

ओढ्याखालचा
खेकड्यावर चाळीस प्रतिक्रिया. माझ्या जाळीवर दोन.

बांधकरी दादा, सरळ विचारतो. तुमच्या सांडव्यावर काय आहे? बदकं नसतील, आज्ज्याची पुण्याई असेल, सगळं मान्य. सांडवा मोकळा आहे का?

बांधकरी
आहे मोकळा. दोन फळ्या आहेत फक्त, आणि चार पोती मातीची. सप्टेंबरात लावतो, दीड फूट पाणी जादा राहतं. त्या दीड फुटावर माझा मे महिना निघतो, उसाला शेवटचं पाणी मिळतं. तुम्हाला पगार असेल, मला नाही.

ओढ्याखालचा
पगार नाही मला. खाली दोन म्हशी आणि आई आहे. आणि जूनला काढता का फळ्या?

बांधकरी
काढतो. यंदा राहिल्यात.

राजारामपुरी ७वी गल्ली
जुलै चालू आहे आबा!

पेन्शनर शाखा अभियंता
नदीवरचे आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बघा, पाऊस लागायच्या आत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतातच, आणि तो दगडी बांध आहे, वरनं पाणी गेलं तरी टिकतो. मातीला वरनं पाणी चालतच नाही. राधानगरीचे सात दरवाजे पाणी चढलं की कुणाला न विचारता उघडतात. तुमच्या फळ्या तुम्हाला विचारल्याशिवाय हलणार नाहीत, आणि तुम्ही रात्री दोन वाजता झोपलेले असणार. उपयोग चांगला आहे हो तुमच्या बांधाचा, चार विहिरी म्हणजे लहान गोष्ट नाही. पण तो दीड फूट तुम्ही आज्ज्याच्या हिशोबातनं काढलाय. त्यांनी माथा आणि सांडवा यात जी जागा सोडलेली ती पुरासाठी होती.

बांधकरी
आज्ज्याला मधी आणू नका.

सूनबाई शाहूवाडी
त्यांनीच आणलं होतं पहिल्यांदा 🙂

पूरग्रस्त शिरोळ
आणि तो सोडलेला दीड फूट शेवटी येतो कुठं? आमच्याकडंच.

राजारामपुरी ७वी गल्ली
गप रे.

बांधकरी
(रात्री ९.४०) जाऊन आलो. तुमच्या सांगण्यावरनं नाही, तसं पण जायचंच होतं. पोती काढली, एक फळी काढली, दुसरी फुगून बसलीय, सकाळी पहारीनं काढतो. खालच्या अंगाला आंब्याच्या बुंध्याखाली ओल आहे, करंगळीएवढी धार आहे. पण नितळ आहे, फोटो टाकलाय बघा.

पेन्शनर शाखा अभियंता
बॅटरीच्या उजेडात सगळंच नितळ दिसतं. ही धार मागच्या वर्षी होती का?

बांधकरी
ध्यान दिलं नाही.

पेन्शनर शाखा अभियंता
सकाळी काचेच्या पेल्यात धरा, तासभर ठेवा, तळाला काय बसतंय ते कळवा. आणि खाली ज्यांची विहीर आहे त्यांना आज रात्रीच फोन करा.

बांधकरी
केला. तो म्हणतोय मासे गेले का.