नवोदयची तयारी: गणिताइतकंच आकृत्यांकडे बघा

पाचवीतल्या मुलीकडून नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेसाठी रोज दोन तास गणितच करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत. मी तरी तसं सुचवणार नाही. पेपर 2 तासांचा, 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 40 प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, मानसिक क्षमतेचे, आणि ते आकृत्यांचे. गणित आणि भाषेचे प्रत्येकी 20 प्रश्न.

आकृत्या नुसत्या बघून कळत नाहीत, हाताने करू द्या. घडी घालून भोक पाडायचा प्रश्न असेल तर चौकोनी कागद दोनदा दुमडा, चारही पदरांतून एक भोक पाडा आणि उघडण्याआधी तिला विचारा, किती आणि कुठे? 'चार' हे मुलं पटकन सांगतात, जागा मात्र चुकवतात. भोकाचं घडीपासूनचं अंतर दोन्ही बाजूंना सारखंच राहतं, हे कागद उलगडल्यावरच पटतं.

इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक अडचण येते. घरी आपण छेद, परिमिती, लसावि म्हणतो. हिंदी माध्यमाच्या पेपरात हर, परिमाप, लघुत्तम समापवर्त्य येतं. गणित येत असतं, शब्दापाशी गाडी अडते. वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून घ्या.

उत्तरपत्रिकेतले गोळे भरण्याचा सराव पेननेच करून घ्या. एक प्रश्न सोडला आणि त्याची ओळ सोडायची राहिली, की पुढची सगळी उत्तरं वर सरकतात. म्हणून दर पाच प्रश्नांनी क्रमांक ताडून बघायची सवय लावा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू देऊ नका.