कुंझुम खिंडीच्या वाटेवरचे नाले दुपारी नकोत

सहा गाड्या घेऊन मनालीहून सकाळी दहाला निघायचं आणि संध्याकाळी स्पितीतलं काझा गाठायचं, हा बेत कृपया बदला. अटल बोगद्यामुळे रोहतांगचा घाट वाचतो हे खरं, पण कस लागतो तो ग्राम्फूपासून बातलपर्यंत. चंद्रा नदीच्या काठाने नुसते गोटे, आणि आडवे येणारे नाले वितळत्या बर्फाचे. ऊन तापलं की पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढा दिसणारा नाला दुपारी अर्धं चाक बुडवतो, तळातले दगडही दिसत नाहीत. पहाटे पाचला निघाच.

नाल्यात एका वेळी एकच गाडी. ती पलीकडे चढेपर्यंत बाकीच्यांनी काठावर थांबायचं. पहिला गिअर, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर, मध्येच क्लच दाबायचा नाही. एक फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) सर्वांत पुढे, दुसरी दोरखंड घेऊन सर्वांत मागे. मधल्या कुणी घाई करून ओव्हरटेक केलेलं मला अजिबात पटत नाही.

टाकी मनालीतच भरा, या वाटेवर पुढचा पंप थेट काझाला. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे. कुणाचं डोकं ठणकायला लागलं तर फोटोंसाठी न रेंगाळता खिंडीपलीकडच्या लोसर गावाकडे उतरा.