दुखवटा, सुतक आणि मातीला जाणं

पोप फ्रान्सिस गेले तेव्हापासून दुखवटा हा शब्द माझ्या डोक्यात घोळतोय. २१ एप्रिल २०२५ ला, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ते गेले, वय ८८, आदल्या दिवशीच तर लोकांना आशीर्वाद द्यायला बाल्कनीत आले होते. आपल्या सरकारनं तीन दिवसांचा राजकीय दुखवटा जाहीर केला, २२ आणि २३ तारीख आणि मग दफनाचा दिवस म्हणजे २६. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी (आम्ही कॅथलिक, पुण्यात वडगाव शेरीला राहतो) मला लिफ्टपाशी थांबवून अगदी आपुलकीनं विचारलं, तुमच्यात पोपचं सुतक नऊ दिवस असतं ना गं? नऊ दिवस नऊ दिवस असं त्यांनी टीव्हीवर ऐकलेलं. मला तेव्हा धड सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

सुतक इथे बसत नाही असं माझं ठाम मत आहे. क्रियापदं बघा ना. सुतक लागतं आणि फिटतं, आपल्याला कोणी विचारत नाही, भाऊबंदांतलं कोणी गेलं की ते येऊन चिकटतं आणि मग देवाला शिवायचं नाही, दहावा-तेरावा होईपर्यंत दिवस मोजायचे. दुखवटा मात्र पाळतात, म्हणजे तो आपण आपणहून अंगावर घेतलेला असतो. आणि कॅथलिकांच्या त्या नऊ दिवसांत तर बरोबर उलटं असतं, देवापासून लांब राहायचं सोडाच, रोज मिस्सा म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना होते, गेलेल्या माणसासाठी रोज प्रार्थना करतात. विटाळ हा प्रकारच नाही त्यात. म्हणून काकांना उत्तर असं की सुतक नाही, नऊ दिवसांचा दुखवटा.

पण दुखवटा या शब्दाचा अजून एक अर्थ आहे तो पुण्यात आता फार ऐकू येत नाही. आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं, तिकडे दुखवटा म्हणजे वस्तूसुद्धा, ज्यांच्या घरी माणूस गेलंय त्यांच्याकडे सोयरे टोपी-उपरणं नाहीतर लुगडं घेऊन जातात त्याला दुखवटा म्हणतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण मुळात हा शब्द दुसऱ्याच्या दारात जाण्याचा आहे. झेंडा अर्ध्यावर आणणं, सरकारी करमणुकीचे कार्यक्रम रद्द करणं हे राजकीय दुखवट्यात येतं आणि ते योग्यच आहे, आपल्या राष्ट्रपती मुर्मू स्वतः रोमला गेल्या तेव्हा मला तो जुना अर्थ आठवला, सोयरं दारात जाऊन उभं राहिल्यासारखं. (त्याच २२ तारखेला काश्मीरमध्ये पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला, आपल्या पुण्यातली माणसं गेली. त्या दोन दिवसांत इथे कोण कोणासाठी रडत होतं ते वेगळं काढता येत नव्हतं.)

कै. बद्दल. एका फ्लेक्सवर कै. पोप फ्रान्सिस लिहिलेलं पाहिलं. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच होता त्यामुळे राग वगैरे काही नाही, पण कै. म्हणजे कैलासवासी, ख्रिस्ती माणसाला ख्रिस्तवासी म्हणतात. हा शब्द वैकुंठवासी, कैलासवासी यांच्या साच्यात तयार झालाय हे उघडच आहे, फरक एवढाच की कैलास आणि वैकुंठ ही ठिकाणं आहेत आणि ख्रिस्त ही व्यक्ती. एखाद्याच्या ठायी वास करणं, म्हणजे गावात घर घ्यावं तसं नाही तर माणसाच्या मनात घर करावं तसं. मला तो शब्द म्हणूनच आवडतो.

मराठीनं जिथे बाजी मारलीय तो शब्द म्हणजे अंत्यदर्शन. फ्रान्सिस यांचं पार्थिव व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये तीन दिवस ठेवलं होतं आणि अडीच लाखांच्या आसपास लोक रांगा लावून येऊन गेले. आपल्याकडे अंत्यदर्शन म्हटलं की पार्थिव कुठे ठेवलं, कसं ठेवलं यापेक्षा बघायला आलेल्याचे डोळे आधी समोर येतात, आणि दर्शन म्हणजे नुसतं बघणं नाही हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. १९८६ ला पोप जॉन पॉल दुसरे पुण्यात आले होते त्याबद्दल आमच्या घरात अजून "दर्शन झालं" असंच बोलतात, भेट झाली किंवा पाहिलं असं कोणी म्हणत नाही.

शोकाकुल, शोकसागर वगैरे पेपरातले शब्द, चालतात. पण आमच्या मिस्सानंतर बाहेर उभ्या बायका एकच शब्द बोलत होत्या, पोरकं झालो. पोप हा शब्दच मुळात पापा, म्हणजे बाप या अर्थाचा, त्यामुळे पोरकं हे इथे अतिशयोक्ती राहत नाही, अक्षरशः तेच.

आता माती. माझी आजी कोणाच्याही अंत्यविधीला जाताना "मातीला जाऊन येते" म्हणायची, मग तिथे दहन असो की दफन. आमच्यात तर खरंच प्रत्येकजण मूठभर माती टाकतो. मूठमाती शब्दाचं मात्र मला वाईट वाटतं, आता तो फक्त अंधश्रद्धेला मूठमाती, जुन्या रूढींना मूठमाती असा नकोशी गोष्ट संपवण्यासाठीच उरलाय, आणि ज्याच्यावर जीव होता त्याच्यासाठी केलेली शेवटची गोष्ट हा अर्थ मागे पडलाय. फ्रान्सिस यांनी २०२२ मध्येच मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की माझी कबर जमिनीत असावी, साधी, काही सजावट नको, वर फक्त फ्रान्सिस्कुस एवढं नाव. आणि तसंच झालं, सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आजीचा शब्द आठवला, कारण इतक्या मोठ्या माणसाने मागितली ती मातीच.

मराठवाड्याकडची माझी मैत्रीण मयतीला जाणं म्हणते. तुमच्याकडे काय म्हणतात, आणि दुखवटा म्हणजे कापड हा अर्थ नगरच्या बाहेर अजून कुठे चालतो का? कोकण, विदर्भवाल्यांनी नक्की लिहा.