फुटपाथवर कलावंतांचे तारे: मोझॅक टिकेल का?

प्रश्न: हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाबाहेर शशिकला, अतुल कुलकर्णी अशा सोलापूरच्या कलावंतांच्या नावांचे तारे बसवायचा प्रस्ताव लिहितोय. हॉलिवूडच्या फुटपाथवर कलाकारांच्या नावांचे तारे आहेत, त्यांचं माप काय असतं?

उत्तर १: चौकोन ३ बाय ३ फूट. काळपट मोझॅकमध्ये गुलाबी तारा. कडा, नाव आणि खालचं गोल चिन्ह पितळेचं. चिन्ह क्षेत्रानुसार बदलतं, सिनेमाला कॅमेरा, रंगभूमीला मुखवटे.

उत्तर २: मापापेक्षा जमीन बघा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर तडा ताऱ्यातूनच जाणार. दीड-दोन फूट माती काढा, मुरूम थराथराने पाणी मारून ठोका, वर लोखंडी जाळी टाकून ४ इंच काँक्रीट. मग १२ मिमी मोझॅक: सिमेंट १ भाग, दगडी चिप दीड ते दोन भाग. गुलाबीसाठी पांढरं सिमेंटच घ्या, करड्यात रंग मळका येतो.

उत्तर ३: पितळी अक्षरांना खालून पाय जोडून काँक्रीटमध्ये रुतवा, नाहीतर कुणीही उपटून नेईल. मोझॅक पक्का होईपर्यंत सात दिवस वर ओलं गोणपाट हवंच, उन्हात ते लगेच सुकतं, म्हणून एप्रिल-मे टाळा. आणि आरशासारखं पॉलिश नको, पावसात माणसं घसरतील.

प्रश्नकर्ता: मुरमाचा खर्च आता अंदाजपत्रकात घालतो. आभार!